अंगण, कुरण आणि वाडी : अनुताई वाघ यांच्या शिक्षणकार्याची परिभाषा व तिचा इतिहास

१९४५ हे साल वारली समाजाच्या इतिहासात तीन निरनिराळ्या नोंदींखाली आढळते, आणि या तिन्ही नोंदी परस्परांना क्वचितच ओळख देतात. त्या वर्षी के. जे. सावे यांचा वारल्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २३ मे रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही असा निर्धार करून आपापल्या पाड्यांवर परतले. आणि वर्ष संपता संपता झरीहून फार दूर नसलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांच्या नेतृत्वाखाली ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले गेले. पहिली घटना मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी आपली मानली, दुसरी शेतकरी चळवळीच्या इतिहासकारांनी, तिसरी बालशिक्षणाच्या चरित्रकारांनी. ज्यांच्याविषयी या तिन्ही नोंदी आहेत ती माणसे मात्र तीच होती. झरीच्या सभेहून परतलेल्या बापाचे मूल बोर्डीच्या परिसरातील एखाद्या बालवाडीत येऊन बसले असणे सर्वथा संभवनीय आहे.

बोर्डीच्या या केंद्रात पहिल्या दिवसापासून ताराबाईंच्या सोबत उभ्या राहिलेल्या आणि पुढे सत्तेचाळीस वर्षे त्या कामातून न हललेल्या अनुताई वाघ यांच्या कार्याचा विचार बहुधा त्यागाच्या अंगाने केला जातो. तो चुकीचा नाही. परंतु त्यायोगे त्यांच्या कार्यातील एक गोष्ट दृष्टीआड होते. ती म्हणजे या कार्याने घडविलेली शब्दसंपत्ती. बालवाडी, अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा हे शब्द आज इतके सर्वपरिचित आहेत की ते कोणी तरी, कोठे तरी, काही विशिष्ट अडचणीतून मार्ग काढताना घडविले असतील, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या अडचणी कोणत्या होत्या आणि शब्द घडविताना काय साधले व काय निसटले, हे पाहिले असता अनुताईंच्या कार्याचे मोल अधिक नेमकेपणाने ठरविता येते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीपुढे जो एकच मार्ग उरे तो न पत्करता त्या शिकल्या, व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन १९२९ साली बाहेर पडल्या. काही वर्षे नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात काम केल्यावर त्या पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत आल्या. दिवसा नोकरी व रात्री अभ्यास करून त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, बी. ए. तर त्या पन्नाशी ओलांडल्यावर झाल्या. या तपशिलात एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. रात्रशाळेत विद्यार्थी म्हणून बसण्याचा अनुभव त्यांना होता. शाळेची वेळ ही शाळेच्या सोयीने ठरते, शिकणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

१९४५ साली त्या पस्तीस वर्षांच्या होत्या आणि हुजूरपागेतील त्यांची नोकरी कायमची होती. आदल्या वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबा गांधी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असतानाच वारल्या होत्या आणि त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने खेड्यातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेविका तयार करण्याचे काम हाती घेतले होते. या संस्थेचे एक शिबिर बोरिवली येथे भरले. तेथे अनुताई शिबिरार्थी म्हणून गेल्या, तेथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि शिबिर संपल्यावर त्या पुण्याच्या शाळेत परतण्याऐवजी बोर्डीस गेल्या.

बोरिवली त्या वेळी मुंबई शहरात नव्हते. बृहन्मुंबईत त्याचा समावेश व्हावयास १९५७ साल उजाडावे लागले. ते एक उपनगरी खेडे होते आणि त्याच्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरांत वारल्यांचे पाडे होते. त्यांतील काही आज राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, आणि दक्षिणेस आरे परिसरात असेच पाडे आहेत. खेड्याची सेवा शिकण्यासाठी दूरदूरच्या स्त्रिया ज्या गावी एकत्र आल्या, त्या गावाच्या मागील डोंगरातच पुढे अनुताईंच्या आयुष्याचा विषय झालेला समाज राहत होता. या योगायोगास कार्यकारणभावाचे रूप देण्याचे कारण नाही. परंतु आदिवासी म्हणजे दूर कोठे तरी डहाणूपलीकडे, ही मुंबईकर सुशिक्षितांची समजूत किती अवास्तव होती, हे त्यावरून दिसते. चर्चगेटहून निघालेली आगगाडी बोरिवलीस पोहोचली की वारल्यांचा प्रदेश सुरू होत असे.

ताराबाईंविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्यांच्या पूर्वायुष्यावाचून बोर्डीचा अर्थ लागत नाही. १८९२ साली जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी वातावरणात वाढलेल्या ताराबाई या १९१४ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसरी पद्धतीचे बालमंदिर चालविले, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या, आणि १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. दादरचा शिशुविहार यशस्वी ठरला. तेथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतील होती. माँटेसरी पद्धतीची साधने मौल्यवान, त्यांची मांडणी विशिष्ट, आणि मुलाने ठराविक वेळी धुतल्या कपड्यांनी शाळेत यावे हे त्या पद्धतीचे गृहीतकृत्य. खेड्यात हे गृहीतकृत्य टिकेल काय, हा प्रश्न ताराबाईंना सतावीत होता. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे भरलेल्या नई तालीम परिषदेत शिक्षणाची कक्षा अगदी बालपणापर्यंत मागे नेण्याचा विचार मांडला गेला; बोर्डीचा प्रयोग त्या विचाराशी जुळणारा होता. बोर्डी गावात आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी शिक्षणाचे वातावरण आधीच निर्माण केले होते, आणि बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन झालेले होते. थोडक्यात, जमीन अगदीच पडीक नव्हती.

जमीन हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने आला. पण त्या प्रदेशात प्रश्न अक्षरशः जमिनीचाच होता. जमीन सावकार व जमीनदार यांच्याकडे गेलेली, जंगल सरकारकडे, आणि वारली दोहोंच्या मध्ये वेठीस. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरानवरी दोघेही धन्याकडे राबत राहत; अशा गड्यास लग्नगडी म्हणत. डी. सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला सादर केलेल्या अहवालात ही स्थिती नोंदविलेली आहे. त्या अहवालाच्या नावातच ‘ॲबओरिजिनल’ हा शब्द आहे; १९४३ साली मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात त्याच शब्दाच्या जातीला ‘तथाकथित’ हे विशेषण जोडून वाद उभा केला, आणि दरम्यान ठक्करबाप्पांसारख्या कार्यकर्त्यांच्या लिखाणातून व भाषणांतून ‘आदिवासी’ हा शब्द रूढ होत गेला. नाव काय द्यावे याची ही चर्चा ज्यांच्याविषयी चालली होती त्यांना तिची वार्ता नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न गवतकापणीच्या मजुरीचा होता.

गवताचा उल्लेख विशेष कारणाने केला आहे. डहाणू-उंबरगावच्या माळांवरील गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईकडे जात असे. शहरातील व उपनगरांतील तबेल्यांची गुरे त्यावर पोसत. १९४५ च्या ऑक्टोबरात वारल्यांनी संप केला तो या गवतकापणीसाठी. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. कुरण हा शब्द या प्रदेशात रमणीय निसर्गाचा वाचक नाही, हे यावरून ध्यानी यावे. पुढे अनुताईंनी जेव्हा कुरणावर शाळा नेली, तेव्हा ती या रक्त सांडलेल्या गवताच्या प्रदेशात नेली.

आता शब्दांकडे वळावयास हरकत नाही. गिजुभाईंनी आपल्या शाळेस बालमंदिर म्हटले होते. मंदिर म्हटले की पावित्र्य आले, शुचिर्भूतता आली, उंबरठा आला, आणि कोणास आत घ्यावे हा प्रश्नही आला. दादरच्या शिशुविहारात विहार हा शब्द अधिक मोकळा खरा, पण तोही ग्रांथिक. बोर्डीस आल्यावर प्रचारात आलेला शब्द बालवाडी. वाडी म्हणजे छोटी वस्ती, हा देशावरील अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु बोर्डी-घोलवडच्या पट्ट्यात वाडी म्हणजे फळबाग, विशेषतः चिकूची बाग. या वाड्यांची मालकी वारल्यांकडे नव्हती. वारली तेथे मजूर म्हणून जात. ज्या मुलाचे आईबाप रोज दुसऱ्याच्या वाडीवर राबावयास जात, त्या मुलास ‘ही तुझी वाडी’ असे सांगणारा हा शब्द होता. शब्द योजणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता किंवा काय, हा प्रश्न गौण आहे. ऐकणाऱ्याच्या कानी तो पडत असला पाहिजे.

बालवाडी उघडली तरी आदिवासी व हरिजन वस्तीतील मुले तेथे येईनात. कारणे अगदी साधी होती. अंगावर कपडा नाही. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळतात. आईबाप पहाटे कामावर जातात आणि मुलास वेळेवर धाडणारे घरी कोणी नसते. अशा वेळी शिक्षणखात्याची रूढ भाषा ‘पालकांची अनास्था’ या शब्दप्रयोगाचा आश्रय घेते. बोर्डीत तसे झाले नाही. मुले येत नाहीत तर शाळेने जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाई, एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घेई, मुलांना गोळा करी, त्यांना आंघोळ घाली, केस विंचरी, नखे कापी आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. ही अंगणवाडी. माँटेसरीच्या परदेशी घडणीच्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, चिंचोके, पाने, माती व बांबू यांपासून साधने तयार झाली. स्पर्शज्ञान, क्रम, वर्गीकरण ही त्या पद्धतीची तत्त्वे कायम राहिली आणि तिचे लाकडी ठोकळे गेले.

अंगण ही मोठी विलक्षण जागा आहे. ती घराची असते पण घरात नसते. तेथे येणाऱ्यास उंबरठा ओलांडावा लागत नाही. स्पृश्यास्पृश्यतेचा विचार करणाऱ्या गावात ही बाब लहान नव्हती. शिवाय अंगणात शिकविताना शिक्षिका यजमान नसते, पाहुणी असते. शाळेच्या इमारतीत मूल परके, अंगणात शिक्षिका परकी. अनुताईंच्या कार्याचा गाभा या एका अदलाबदलीत आहे, आणि तो कोणत्याही शिक्षणशास्त्रीय सिद्धांतापेक्षा अधिक टिकाऊ ठरला. याच संदर्भात संबोधनातील एक फरकही पाहावा. मराठी शाळेतील शिक्षिका ‘बाई’. बालवाडीतील शिक्षिका ‘ताई’. पहिला शब्द हुद्द्याचा, दुसरा नात्याचा. अनुताईंच्या नावाशी जडलेला हा शब्द आज राज्यातील प्रत्येक अंगणवाडीत वापरला जातो.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून आत, कोसबादच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तेथे जी संस्था उभी राहिली तिचे नाव विकासवाडी. या नावात अंगण-कुरणाचा ओलावा नाही. विकास हा त्या दशकातील सरकारी परवलीचा शब्द होता आणि तो येथे आला यात नवल नाही. कल्पना मात्र अस्सल होती. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवली गेली, कारण काखेत भावंड घेऊन फिरणारी आठनऊ वर्षांची मुलगी शाळेत यावी असे वाटत असेल तर त्या भावंडाची सोय प्रथम केली पाहिजे. मुलींच्या शिक्षणाविषयीची किती तरी भाषणे या एका व्यवस्थेपुढे फिकी पडतात.

तरीही गुराखी मुले उरलीच. गुरे सोडून शाळेत येणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून कुरणशाळा निघाली. मुले जेथे गुरे चारीत तेथे शिक्षकाने जावयाचे, गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे व आकडे शिकवावयाचे, पाला, पक्षी, पाऊस यांवरून शास्त्र शिकवावयाचे. दिवसा तेही न जमणाऱ्यांसाठी रात्रशाळा होतीच. ‘कुरणशाळा’ या शब्दात वाडी हे उत्तरपद नाही, हे लक्षात येण्यासारखे आहे. येथे मुले सहा-सात वर्षांवरील होती, लिहावाचावयाचे होते, म्हणून ‘शाळा’. बालमंदिरापासून निघालेली ही नावांची वाटचाल पाहिली तर प्रत्येक पायरीवर छप्पर कमी होत गेलेले दिसते.

येथवर जे झाले ते जागेचे परिवर्तन होते. भाषेचे काय झाले?

वारली बोलीची नोंद ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या कोकणातील बोलींबरोबर आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे वर्गीकरण समर्थनीय आहे. परंतु त्याचे व्यावहारिक परिणाम भाषाशास्त्रज्ञांनी कल्पिले नसतील असे झाले. बोली मराठीची, म्हणून मूल मराठी भाषक. मूल मराठी भाषक, म्हणून मराठी पाठ्यपुस्तक त्याच्या मातृभाषेतील. आणि तरीही ते त्याला समजत नसेल, तर दोष मुलाच्या बुद्धीचा. १९५६ साली संविधानात घातलेल्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे म्हटले; वारली मूल मराठी भाषकांत जमा असल्यामुळे त्या संरक्षणाच्या कक्षेत ते येत नाही. पुण्याच्या मुलास जे वाक्य सहज कळते ते कोसबादच्या मुलास परके वाटते, हे दोघांची भाषा एकच आहे या विधानाने झाकले गेले. भाषा आणि बोली यांमधील सीमारेषा शास्त्रज्ञ कोठे आखतात यावर एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाणे अवलंबून असते, ही जाणीव बोलीभाषांच्या अभ्यासात अजून पुरेशी मुरलेली नाही.

वारल्यांपाशी विद्या नव्हती, ती बाहेरून न्यावी लागली, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. वारली समाजात लग्न लावते ती स्त्री. तिला धवलेरी म्हणतात. ती लग्नातील दीर्घ गीते म्हणते, त्यांतून देवदेवतांच्या कथा येतात, विधीचा क्रम तीच सांभाळते, आणि सुवासिनी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. ही सर्व गीते मुखोद्गत असावी लागतात. एखादीला ती येतात म्हणजे तिने ती दुसरीकडून वर्षानुवर्षे ऐकून, म्हणून, चुकून, सुधारून आत्मसात केलेली असतात. यास अध्यापन व अध्ययन याखेरीज दुसरे नाव नाही. धवलेरी या शब्दाचे कूळ तर मराठी साहित्याच्या अभ्यासकास दचकविणारे आहे. धवळे म्हणजे लग्नप्रसंगीची गीते. तेराव्या शतकातील महानुभाव पंथीय महदंबा हिने रचलेले धवळे प्रसिद्ध आहेत आणि तिला मराठीची आद्य कवयित्री मानले जाते. विद्यापीठात महदंबा पदव्युत्तर वर्गास नेमावी, आणि तिच्या काव्यप्रकाराचे नाव ज्यांच्या नित्य व्यवहारात जिवंत आहे त्या स्त्रियांची गणना निरक्षरांत करावी, असा हा विपर्यास आहे.

कोसबादच्या परिभाषेत बालसेविका, ग्रामसेविका, शिक्षिका ही पदनामे आढळतात. ती सर्व संस्कृत घडणीची व बाहेरून आलेली आहेत. अंगण हा शब्द वस्तीतून उचलला गेला, कुरण हा शब्द माळावरून उचलला गेला. शिकविणाऱ्या स्त्रीसाठी मात्र वस्तीतला शब्द उचलला गेला नाही. धवलेरी हे विधीचे पद, शिक्षिका हे शाळेचे. दोहोंत गल्लत करू नये असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो काही अंशी बरोबर आहे. अनुताईंना ज्या रूढींशी, दारूशी, भगतांवरील आंधळ्या विश्वासाशी झुंजावे लागले, त्यांच्यापासून विधी वेगळा काढणे त्या क्षणी सोपे नव्हते. आजारी मुलास दवाखान्यात न्यावे म्हणून आर्जवे करणाऱ्या बाईकडून लोकगीतांच्या संकलनाची अपेक्षा करणे, हा टेबलाशी बसून केलेला न्याय होय. तथापि नोंद करणे भागच आहे. पुढे १९७० च्या दशकात वारली चित्रे शहरात पोहोचली तेव्हाही हेच झाले. चौक लिहिणाऱ्या सुवासिनी मागे राहिल्या आणि चित्रकार म्हणून नावारूपास आले ते प्रामुख्याने पुरुष.

अनुताई स्वतः वारली नव्हत्या. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाब ना लपवावी, ना तिचे भांडवल करावे. त्याच प्रदेशात काम केलेल्या गोदावरी परुळेकर याही नव्हत्या. पुण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर असलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री सदस्य ठरलेल्या आणि १९३० च्या दशकात मुंबईत साक्षरताप्रसाराचे काम केलेल्या गोदावरीबाई १९४५ साली वारल्यांच्या लढ्यात उतरल्या. त्या अनुभवांवरील त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनुताईंनी आपले अनुभव ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात मांडले. दोन्ही पुस्तके एका प्रदेशाविषयी, जवळजवळ एकाच कालखंडाविषयी, दोन समकालीन ब्राह्मणेतर नव्हे तर उच्चवर्णीय घरांतून आलेल्या सुशिक्षित स्त्रियांनी लिहिलेली आहेत. तरीही अभ्यासक्रमात ती एकत्र वाचली जात नाहीत. एकीने मजुरीचा दर वाढविण्यासाठी माणसे उभी केली, दुसरीने त्या माणसांची मुले सांभाळली. वेठ मोडल्याखेरीज मुलाला मोकळा वेळ मिळणार नव्हता, आणि अक्षरओळख नसता सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कळणार नव्हते. कोणते काम आधी, हा वाद त्या पिढीने तावातावाने केला. पाड्यांवर मात्र दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

या दोघींच्या लेखनातील वारली स्त्री बोलते ती लेखिकेच्या मराठीतून. हा दोष लेखिकांचा म्हणता येत नाही. ती आपल्या शब्दांत, आपल्या नावाने लिहिती होण्यासाठी प्रथम तिला शिकविणारे कोणी तरी हवे होते. कोसबादच्या अध्यापन मंदिरात स्थानिक मुलींना बालसेविकेचे प्रशिक्षण दिले गेले, आणि अनुताईंच्या कार्याचा सर्वांत दूरगामी भाग कदाचित हाच असेल. या मुलींची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. ज्या इतिहासास आदिवासी स्त्रीच्या शैक्षणिक नेतृत्वाचा इतिहास म्हणावयाचे तो त्यांचा आहे. त्याची साधने हजेरीपटांत, प्रशिक्षणाच्या नोंदवह्यांत आणि पाड्यांवरील वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत शोधावी लागतील, आणि शेवटचे साधन दर वर्षी कमी होत आहे.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या. त्यानंतरची एकोणीस वर्षे कोसबादची धुरा अनुताईंनी वाहिली. ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन, बालवाडी चालविणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तके, प्रशिक्षणवर्ग, सरकारदरबारी खेपा असा त्यांचा व्याप होता. पद्मश्री व जमनालाल बजाज पुरस्कार हे सन्मान त्यांना उतारवयात मिळाले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान त्यांच्या शब्दाचा प्रवास स्वतंत्रपणे सुरू झाला होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या एका वस्तीतील अडचणीतून निघालेला मराठी शब्द अशा रीतीने मराठी न बोलणाऱ्या राज्यांतही गेला. आज मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपरच्या झोपडवस्तीत किंवा मुलुंडच्या टेकडीलगतच्या चाळीत अंगणवाडी भरते, तेव्हा तेथे बहुधा अंगण नसते. एक खोली असते, तीही पुष्कळदा भाड्याची. शब्दाचा मूळ अर्थ गळून संस्थेचे नाव तेवढे उरणे, ही अर्थपरिवर्तनाची नेहमीची रीत आहे. आरेच्या पाड्यांवर मात्र अंगण अजून आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात तेथे मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली, तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत या पाड्यांवरील वारली स्त्रियाही होत्या; आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली.

शब्दाबरोबर पदनामही गेले. अंगणवाडीत काम करणारी स्त्री सेविका ठरली आणि तिला मिळणाऱ्या पैशास वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. अनुताईंच्या पिढीत सेवा हा शब्द स्वेच्छेने पत्करलेल्या व्रताचा वाचक होता. हुजूरपागेची नोकरी सोडणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो यथार्थ होता. पोटासाठी काम करणाऱ्या लक्षावधी स्त्रियांच्या बाबतीत तोच शब्द त्यांना नोकर न मानण्याचे साधन झाला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा, हक्क असल्याचा निर्णय दिला. हा दावा गुजरातमधील दाहोद या आदिवासीबहुल जिल्ह्यातील सेविकांनी नेला होता. मानधन हा शब्द वेतनाच्या व्याख्येत बसतो काय, या प्रश्नावर त्या निकालपत्रात बराच ऊहापोह आहे. आणि तो बसतो, असे न्यायालयाने ठरविले.